कड कडक भाकरीसारखी येतेय?

सीएनसी प्लाझ्मा टेबलावरचा दातेरी काप : निदान आणि उपचार, नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम अभिनंदन. कर्ज काढून का होईना, तुम्ही सीएनसी प्लाझ्मा टेबल घेतलंत. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शेड भाड्यानं मिळाली, मशीनला हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटून झाले. मग पाहुण्यांसमोर पहिला पत्रा कापलात. कापला गेला, हे खरं. पण कडेवरून बोट फिरवत तुमचे सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, हे हातानं कापलंय होय?"

कड गुळगुळीत यायला हवी होती. आली ती कडक भाकरी मधोमध मोडल्यावर येते तशी. ही मार्गदर्शिका त्या क्षणासाठी आहे.

साहित्य

३ एमएमचा एमएस पत्रा, एक बॉलपेन, एक स्टीलची पट्टी, एक गुण्या, एक छोटा आरसा, एलन कीचा संच आणि दोन कटिंग चहा. ग्राइंडर लागणार नाही. तो आत्ताच कुलपात ठेवा. कारण तिसऱ्या पायरीत कळेल.

पायरी १ : दोष वाटून द्या

दोष देण्याचा क्रम ठरलेला आहे, तो मोडू नये. आधी पत्रा : "हल्ली मालच हलका येतोय." मग लाईट : "व्होल्टेज बघा की, पंखा कसा फिरतोय." मग ऊन. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे हा दोष कुणी खोडून काढत नाही. मग टेबलावर उभा असलेला पोऱ्या. शेवटी मशीन विकणारा. तो फोनवर "सेटिंग बघा साहेब" एवढंच म्हणतो. यादीत मालकाचं नाव नसतं. या पायरीला अर्धा तास आणि पहिला चहा लागतो.

पायरी २ : सगळ्या सेटिंग एकदम बदला

स्पीड कमी करा, अ‍ॅम्पिअर वाढवा, टॉर्च खाली घ्या, हवेचा दाब चढवा. सगळं एकाच दमात. आधीचे आकडे कुठंही लिहून ठेवू नका. आता काप सुधारला तरी का सुधारला ते कळणार नाही आणि बिघडला तरी का बिघडला ते कळणार नाही. वसाहतीत सर्वांत निष्ठेनं पाळली जाणारी पायरी हीच.

पायरी ३ : ग्राइंडर मारा

काप दहा मिनिटांचा, त्यावर ग्राइंडर दोन तासांचा. कड चकचकीत होते, पार्टी खूश होऊन गेट घेऊन जाते आणि तुमचा नफा चाकाच्या भुकटीबरोबर मोरीत जातो. हातकाम वाचावं म्हणून मशीन आणलं आणि आता मशीनच्या मागं हात चालतोय. शिवाय रोग्याचा ताप उतरवायला थर्मामीटर फोडावा तसं झालं. कडेवर जे लिहिलेलं होतं तेच तुम्ही घासून टाकलंत.

इथवरच्या तीन पायऱ्या कुणी शिकवाव्या लागत नाहीत. मार्गदर्शिका खरी सुरू होते ती पुढं.

पायरी ४ : मामांना बोलवा

शेजारच्या शेडमध्ये एक मामा असतात. आयुष्य यंत्रमागावर जॉबर म्हणून गेलेलं, बोलणं मराठी, मोजणं तेलुगू. प्लाझ्मा म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नाही. पण कापडात चूक दिसली की माग न उघडता ती कुठून आली ते सांगतात. तुमच्या शेजारी असे मामा नसतील तर शोधा. या गावात ते सापडतात.

त्यांना बोलवण्यात गंमत आहे तेवढंच शास्त्रही आहे. फ्रान्समध्ये जॅकार्डनं १८०४ साली माग तयार केला. त्यात पुठ्ठ्याच्या कार्डांना पाडलेली भोकं ठरवायची की कोणता धागा उचलायचा आणि कोणता नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी उतरली ती याच रीतीनं. पुढं १९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेव्हा त्यालाही हुकूम मिळत होते ते भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवरून. म्हणजे तुमचं कोरं करकरीत सीएनसी टेबल हे नात्यानं चादरीच्या मागाचं धाकटं भावंड आहे. थोरल्याचे रोग ज्याला कळतात त्याला धाकट्याचेही कळतील.

मामा आले की पोऱ्याला म्हणतील, "का बे, मशीन बंद कर आधी. तुकडा आण हिकडं." मग तुकडा उजेडाला धरून चार वाक्यं बोलतील. ती भिंतीवर खडूनं लिहून ठेवा :

चूक दर नगात त्याच जागी येते : कार्ड बघ.
चूक ठरावीक अंतरानं येते : फिरणारा भाग बघ.
चूक सगळीकडं येते : सूत बघ.
चूक कधी येते, कधी नाही : ते विजेचं. नाहीतर रात्रपाळीच्या माणसाचं.

कार्ड म्हणजे तुमचं ड्रॉइंग. फिरणारा भाग म्हणजे बेल्ट, पिनियन, बेअरिंग. सूत म्हणजे ज्योत आणि तिला लागणारी हवा. उरलेली मार्गदर्शिका या चार ओळींचा विस्तार आहे.

पायरी ५ : टॉर्चच्या जागी पेन लावा

प्लाझ्मा बंद करा. टॉर्चच्या पकडीत बॉलपेन बसवा, टेबलावर पुठ्ठा ठेवा, टॉर्चची उंची आपोआप सांभाळणारं टीएचसी बंद करा आणि तेच ड्रॉइंग कापायच्याच स्पीडनं काढा. हळू काढू नका. हळू चालताना लंगडाही सरळ चालतो. एक चौकोन, एक वर्तुळ आणि एक तिरकी रेघ काढलीत की पुरे.

पेनाची रेघही दातेरी आली तर दोष मागात किंवा कार्डात आहे. रेघ सुतासारखी सरळ आली आणि काप मात्र दातेरी, तर दोष ज्योतीत, हवेत, नाहीतर टीएचसीत आहे. पाच रुपयांच्या पेनानं निम्मी दुखणी यादीतून जातात. एवढी स्वस्त तपासणी असल्यामुळंच ती कुणी करत नाही.

पायरी ६ : माग

पेनाची रेघ दातेरी आहे. आता मोटारी चालू ठेवून, म्हणजे त्या जागच्या जागी घट्ट असताना, टॉर्चचं टोक बोटांनी हलवून पाहा. प्लाझ्माचा मेन स्विच मात्र बंदच हवा. टोक हललं तर ढिलाई कुठं आहे ते मागं मागं शोधत जा : टॉर्चची पकड, झेडची स्लाइड, गॅन्ट्रीची बेअरिंगं, बेल्टचा ताण आणि शेवटी पिनियनचा ग्रब स्क्रू. बरेचदा दोषी निघतो हा शेवटचाच. तांदळाएवढा स्क्रू ढिला होतो आणि दीडशे किलोची गॅन्ट्री दारू प्यायल्यासारखी चालते.

वायच्या दिशेनं चाललेली रेघ नागमोडी आली तर वायला शिव्या देऊ नका. ढिलाई एक्समध्ये आहे. चालायच्या दिशेतला हिसका रेघेत दिसत नाही, आडवा हिसका दिसतो. उभ्या धाग्याची चूक आडव्या धाग्यात दिसते हे मामांना सांगावं लागत नाही, तुम्हाला मात्र सांगावं लागतं.

दात ठरावीक अंतरानं येत असतील तर नशीब चांगलं. तिरक्या रेघेवरचे दात पट्टीनं मोजा, पण पट्टी रेघेवर तिरकी धरू नका. एक्सला समांतर धरून एकदा आणि वायला समांतर धरून एकदा मोजा. मॉड्यूल १.५चा रॅक असेल तर दोन दातांमधलं अंतर ४.७१ एमएम असतं. पट्टीवर तेवढंच अंतर येत असेल तर पिनियन रॅकवर नीट बसलेलं नाही किंवा रॅकमध्ये पत्र्याचा कीस अडकला आहे. २० दातांचं पिनियन एका फेऱ्यात सुमारे ९४ एमएम चालतं. दर ९४ एमएमला ढेकूळ येत असेल तर पिनियन वाकडं आहे किंवा शाफ्टवर तिरकं बसलंय.

अगदी बारीक, एकसारख्या पायऱ्या दिसत असतील तर मोटारीकडं बघा. साधी स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ती वरच्या पिनियनला थेट जोडली तर एक पाऊल जवळपास अर्ध्या मिलिमीटरचं पडतं. तिरक्या रेघेवर जिना दिसणारच. ड्रायव्हरवर मायक्रोस्टेपिंग लावा आणि मधे गिअर किंवा बेल्टचं रिडक्शन घ्या.

आता तेलपाण्याचं. संक्रांतीच्या गड्डा यात्रेत सिद्धरामेश्वरांनी स्थापलेल्या ६८ लिंगांना तैलाभिषेक होतो, वर्षातून एकदा पण न चुकता. तुमच्या बेअरिंगांच्या नशिबी तेवढंही नाही. मात्र प्लाझ्माच्या काळ्या भुकटीवर थेट तेल ओतलंत तर बेअरिंगला पॉलिश पेपरच लावल्यासारखं होईल. आधी पुसा, मग तेलाचा हलका हात फिरवा.

टॉर्चची जाड केबल गॅन्ट्रीला मागं ओढत नाही ना, हेही पाहा. ती वरून टांगलेली असावी. लेकराचं बोट धरून बाजारात चालताना ते जसं खेळण्याच्या दुकानाकडं ओढतं, तशी केबल टॉर्चला ओढते आणि कोपऱ्यावर दात पडतो.

पायरी ७ : सूत

पेनाची रेघ सरळ आहे, काप दातेरी आहे. आता ज्योतीकडं वळा.

लोखंड १,५३८ अंश सेल्सिअसला वितळतं. प्लाझ्माची ज्योत २०,००० अंशांच्या घरात असते. आणि ही ज्योत ज्या नोझलमधून बाहेर पडते ते तांब्याचं, म्हणजे १,०८५ अंशांना वितळणारं. तरी नोझल टिकतं, कारण भोवऱ्यासारखी फिरत आलेली हवा ज्योतीला भिंतीपासून दूर ठेवते. त्या भोवऱ्यावर सगळा संसार उभा आहे. हवा बिघडली की भोवरा डुगडुगतो आणि त्याची सही कडेवर उमटते.

पहिला संशय पाण्याचा. आपल्या नळाला पाणी काही दिवसांआड येतं, पण कंप्रेसरच्या टाकीत ते रोज न मागता साठतं. हवा दाबली की तिच्यातली वाफ थंड होताना पाणी होऊन बसते; पावसाळ्यात जास्तच. टॉर्चला नुसती हवा सोडा आणि खाली आरसा धरा. आरशावर घाम फुटला तर रोज सकाळी टाकीचा ड्रेन उघडायचा आणि लाइनीवर फिल्टर-ड्रायर बसवायचा. ओल्या हवेवर नोझल-इलेक्ट्रोड लवकर झिजतात, मग दोष दुकानदाराला.

दुसरा संशय दाबाचा. गेज हवा बंद असताना बघू नका, सुटत असताना बघा. बंद असताना ७ बार दाखवणारा काटा बारीक पाइपमुळं वाहताना ४वर येतो. नवरदेव घोड्यावर किती ताठ बसतो त्यावरून संसार कळत नाही.

तिसरा संशय नोझल-इलेक्ट्रोडचा. नोझलचं भोक गोल हवं. लांबुळकं झालं असेल तर ज्योत वाकडी जाते. इलेक्ट्रोडच्या टोकात हाफ्नियमचा टिपका असतो. तिथं एक ते दीड मिलिमीटर खड्डा पडला की तो निवृत्त झाला असं समजा. जोडी एकत्र बदला. बदलताना प्लाझ्मा बंद हवा, हे इथं लिहावं लागतं, कारण नवा माणूस नोझल बदलताना बटणही दाबून बघतो.

चौथा संशय उंचीचा आणि काटकोनाचा. टॉर्चला गुण्या लावा. चारही बाजूंना सारखा उतार आला तर उंची चुकली. टॉर्च फार वर असेल तर वरची कड गोलसर होते. उतार एकाच बाजूला आला तर टॉर्च तिरका किंवा नोझल खराब. नोझल पाव फेरा फिरवून पुन्हा कापा. उतार जागा बदलून गेला तर नोझल दोषी, तिथंच राहिला तर टॉर्च.

पाचवा संशय टीएचसीचा. ते ज्योतीच्या व्होल्टेजवरून उंची ठरवतं. कोपऱ्यावर मशीन हळू होतं, काप रुंदावतो, व्होल्टेज वाढतं आणि टीएचसीला वाटतं आपण वर गेलो. मग ते टॉर्च खाली बुडवतं. कोपरे कुरतडलेले येत असतील तर कोपऱ्यावर टीएचसी थांबवण्याची सोय चालू करा. सरळ रेघेतही कड लाटांची येत असेल तर एकदा टीएचसी बंद करून कापा. कड सुधारली तर चोर सापडला. त्याची संवेदनशीलता कमी करा.

सहावा संशय अर्थ क्लॅम्पचा. तो टेबलाच्या गंजक्या पट्टीला चावलेला असतो. पत्र्याला चावू द्या, तेही रंग घासून काढलेल्या जागी.

सगळ्यात शेवटी स्पीड. तुकडा उलटा करून खालचा मळ बघा. जाड, फुगीर, टिचकीनं पडणारा मळ म्हणजे फार हळू चाललात. बारीक, चिवट, छिन्नीलाही दाद न देणारा मळ आणि कडेवर मागं झुकलेल्या रेघा म्हणजे फार पळालात. मशीनच्या पुस्तकातल्या तक्त्यात तुमच्या जाडीचा आणि अ‍ॅम्पिअरचा आकडा असतो. पुस्तक पूजेच्या दिवशी मशीनखाली ठेवलं होतं, तिथंच असेल.

दिशाही बघा. भोवऱ्यामुळं चालीच्या उजव्या हाताची कड जास्त सरळ येते. म्हणून बाहेरचा काप प्रदक्षिणेच्या दिशेनं आणि आतलं भोक उलट्या दिशेनं. प्रदक्षिणेची दिशा चुकली तर देव माफ करतो, पार्टी करत नाही.

पायरी ८ : कार्ड

चौकोन चांगला येतो, वर्तुळ चांगलं येतं. पण 'ती' डिझाइन लावली की मशीन अडखळत, थरथरत चालतं. इथं पार्टीची कहाणी ऐका. होटगी रोडच्या बंगल्याचं गेट. त्यावर पार्टीला गड्डा यात्रेतल्या सातही नंदीध्वजांची मिरवणूक हवी. नमुना म्हणून फोनवर एक फोटो येतो : कुणीतरी कुणाला, त्यानं आणखी कुणाला पाठवलेला, धुरकट. पोऱ्या तो कोरलमध्ये टाकून ट्रेस करतो. पडद्यावर झकास दिसतो. पण ट्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला नंदीध्वज कळत नाही, डाग कळतात. फेट्याच्या एका वळणात तो शेकडो बारके तुकडे घालतो. मशीन प्रत्येक तुकड्याच्या टोकाशी किंचित थांबतं आणि ज्योत तिथं दात कोरून ठेवते.

उपाय : बिंदू कमी करा, वळणांच्या जागी खरे कंस घाला, फोटोवरून हातानं रेघ ओढा. कंट्रोलरमध्ये प्रत्येक टोकाला थांबण्याऐवजी अखंड वेगानं जायचा पर्याय असतो, तो निवडा. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोकं डिझाइनमध्ये ठेवू नका. नंदीच्या डोळ्यात बुबुळ हवंच असेल तर पार्टीला सांगा, ते रंगानं काढू.

पायरी ९ : रात्रपाळी

सकाळी चांगला, दुपारी वाईट. एका पत्र्यावर ठीक, दुसऱ्यावर मधेच एक उडी. ही चूक विजेची. ज्योत पेटवताना काही मशीन उच्च दाबाची ठिणगी टाकतात. तिचा गोंगाट मोटारींच्या आणि संगणकाच्या वायरींत शिरतो आणि मशीन एखादं पाऊल विसरतं. टॉर्चची केबल आणि सिग्नलच्या वायरी एकाच पाइपातून नेऊ नका. टेबलाला स्वतंत्र अर्थिंग द्या.

आणि अर्थिंगच्या खड्ड्याला पाणी घाला. मीठ-कोळसा भरून तो वर्षापूर्वी बुजवलात, त्यानंतर त्याच्याकडं कुणी फिरकलं नाही. उन्हाळ्यात आपली काळी माती भेगाळते, कोरडी पडते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. नळाला पाणी आलेल्या दिवशी दोन बादल्या त्याच्या नावच्या ठेवा.

नेहमीचे प्रश्न

*टेबलाखालच्या पट्ट्या बदलायच्या का?* त्यांच्यावर मळाचे डोंगर झाले असतील तर पत्रा डुगडुगतो आणि तुकडा सुटताना उचलला जातो. बदला.

*जीआय पत्रा कापू का?* जस्ताचा धूर फुप्फुसाला वाईट. धूर बाहेर काढायची सोय नसेल तर नका कापू.

*पाण्याच्या टेबलावर अ‍ॅल्युमिनियम?* पाण्यात हायड्रोजन तयार होऊन पत्र्याखाली साठतो आणि भडका उडू शकतो. त्याची नीट माहिती आणि तयारी असल्याशिवाय नाही.

*गॉगल लागतो का?* साधा नाही, वेल्डिंगची योग्य काच. डोळे दुकानात मिळत नाहीत.

*ग्राइंडर आता बाहेर काढू का?* नाही.

पायरी १०, आणि शेवटची

रोज सकाळी काम सुरू करायच्या आधी शंभर बाय शंभर एमएमचा एक चौकोन, त्यात एक गोल भोक, असा तुकडा कापा. त्यावर मार्करनं तारीख, अ‍ॅम्पिअर, स्पीड आणि दाब लिहा आणि शेडच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि ती त्या दिवशीच्या तुकड्यावर लिहा. महिन्याभरात भिंतीवर तीस तुकडे होतील. कोणत्या दिवशी कड बिघडू लागली आणि त्याच्या आदल्या दिवशी काय बदललं होतं, हे भिंतच सांगेल. मामांना मग फक्त चहाला बोलवा. दुसरा कटिंग त्यांच्यासाठीच ठेवला होता.

आजचा पहिला तुकडा भंगारात गेला असेल तर उचलून आणा. त्यावर तारीख घाला.